कोणाची हरकत असल्यास

ठाकुर्ली (पूर्व)
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रणित,

सलाम. ‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही, तेव्हा ते गृहीतही धरू नकोस.

माझा नंबर तू ब्लॉक केलास. आईच्या फोनवरून केला तर ‘मीटिंगमध्ये आहे, ताई’ म्हणून कापतोस. म्हणून हे पत्र, तेही रजिस्टर्ड. बहिणीचं पत्र पाळकसाहेबांनी परत पाठवलं, हे कल्याणच्या मंडळीत पोस्टमनच्या तोंडून कळायला तुला नको असणार. आणि हो, अजून तू पाळक झालेला नाहीस. त्याबद्दलच लिहायचंय.

आज इथल्या देवळात उपासना संपता संपता देवराम काकांनी तुझी नोटीस वाचली. मंडळीचे सेक्रेटरी म्हणून लग्नाच्या नोटिसा वाचतात त्याच सुरात. प्रणित योहान आढाव यांना बारा ऑक्टोबरला कल्याण येथे पाळकपदाची दीक्षा देण्याचे योजिले आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे, अथवा विधीच्या वेळी उभे राहून सांगावे. सगळ्या बायका वळून आईकडे बघून हसल्या. आईही हसली. बाहेर चपला घालताना मला विचारते, “काय वाचलं गं देवरामनं? कुणाचं लग्न ठरलं?”

बघितलंस? तुझ्या आयुष्यातली सर्वात मोठी बातमी तुझ्या आईला पहिल्या बाकावर बसून कळली नाही. घरी येऊन मी तिच्यासमोर बसले, एकेक शब्द ओठांनी दाखवत सांगितला, तेव्हा कळलं. मग पदर डोळ्याला लावून रडली, आणि लगेच शेजारच्या जाईबाईंना सांगायला धावली. सांगितलं ते असं, की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. आपण किती मोठ्यानं बोलतो ते तिला आता कळत नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. पण तू आजकाल लोकांना वेगळंच सांगत असतोस, म्हणून एकदा माझ्या शब्दांत ऐक.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत कल्याणच्या मैदानात तुमची चंगाई सभा होती, प्रार्थनेनं आजारी बरे करायची. तू माईकवर होतास. आईला स्टेजवर बोलावलंस, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस, आणि तिच्या कानातलं मशीन उपटून वर धरलंस. मग तिच्या अगदी तोंडासमोर तोंड नेऊन विचारलंस, “आई, ऐकू येतं?” समोर मुलगा उभा आहे, हजारो माणसं बघतायत, आणि तिला तुझे ओठ तू बोलायला लागल्यापासून वाचता येतात. काय म्हणणार ती? म्हणाली, “हो.” मैदान उसळलं. तू मशीन खिशात घातलंस.

त्याच संध्याकाळी तू घरी आला होतास. आई मोरीत नळाखाली बादली लावून पाठमोरी भांडी घासत होती, बादली भरून पाणी बाहेर वाहत होतं. तू मागून हाक मारलीस. परत मारलीस. ती वळली नाही. मी स्वयंपाकघरातून तुझा चेहरा बघितला, प्रणित, म्हणून सांगते, ‘मला माहीत नव्हतं’ असं कधी म्हणू नकोस. तू नळ बंद केलास आणि मला म्हणालास, “चंगाई हळूहळू होते, ताई.” आणि ते मशीन परत दिलं नाहीस. आता ते निळ्या मखमलीच्या डबीत घालून सभा-सभांतून दाखवत, आई बरी झाल्याची साक्ष देत फिरतोस म्हणे. लोक त्या डबीला हात लावून जातात असंही ऐकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी नवीन मशीन आणलंय. आई घालत नाही. म्हणते, “ते घातलं तर प्रणूची साक्ष खोटी पडेल.” माझ्या सांगण्याचा काही उपयोग नाही, मी काय, नुसती मुलगी. तू सांगितलंस तरच घालेल.

तर माझी मागणी एवढीच. ये. तिच्यासमोर बस. ओठ नीट हलवून सांग, की आई, तुला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे आणि तू मशीन घाल. चहा मिळेल. नाही आलास, तर बारा तारखेला मी कल्याणला येईन, आणि बिशपसाहेब ‘कोणाची हरकत?’ म्हणतील तेव्हा उभी राहीन.

माधवी


ठाकुर्ली
मंगळवार, २३ सप्टेंबर

प्रणित,

पोचपावती आली, तुझी सही ओळखली. तू आला नाहीस.

काल आईला कान तपासायला ठाण्याला नेलं. टेंभी नाक्याजवळ क्षिप्रा मॅडमचा दवाखाना आहे. घटस्थापना होती हे माझ्या डोक्यातच नव्हतं. देवीची मिरवणूक आलेली, ढोल-ताशे असे की दुकानांच्या काचा थरथरत होत्या. मी कानांवर हात ठेवून चालले होते. आई माझ्या पुढे, भाजी आणायला निघाल्यासारखी. मध्येच थांबली, छातीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, “इथं काहीतरी धडधडतंय गं. बीपी वाढलं का?” मी ढोलांकडे बोट दाखवलं. तिनं बघितलं आणि ओशाळून हसली.

तपासणीत काय झालं ते सांगते, कारण ते तुझं कर्तृत्व आहे. आईला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. आई क्षिप्रा मॅडमच्या चेहऱ्याकडे टक लावून बसली. त्यांची पापणी हलली की हिचं बोट वर. मॅडम हुशार, त्यांनी खुर्ची फिरवून आईची पाठ केली. तरी बोट वर होतच राहिलं, मधून मधून, अंदाजानं. शेवटी मॅडम आत जाऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “आजी, मी आवाज सोडलाच नव्हता.”

आईनं मान खाली घातली. आपली आई, प्रणित. सुताच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं, कान तिथेच गेले, पण चमचाभर साखरेसाठीसुद्धा कधी कुणाशी खोटं बोलली नाही. ती आता म्हातारपणी कानाच्या तपासणीत कॉपी करते. तुझ्यासाठी.

मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मशीन बंद करून बसलं की कानापेक्षा मेंदूचं जास्त बिघडतं. वापर नसला की तो शब्द ओळखायचं विसरत जातो. मग पुढे मशीन लावलं तरी आवाज येतो, पण माणूस काय बोललं ते कळत नाही, नुसता गलका. “बरंच गेलंय,” त्या म्हणाल्या. “जे उरलंय त्यासाठी तरी उशीर करू नका.” मी त्यांच्यासमोरच मशीन आईच्या हातात ठेवलं. तिनं ते रुमालात गुंडाळून मला परत दिलं. म्हणाली, “बारा तारीख होऊ दे.”

आणखी एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. पहाटे आई उठून प्रार्थना करते. तिला वाटतं ती मनातल्या मनात पुटपुटतेय. अख्ख्या मजल्याला ऐकू जातं. जाईबाई देवपूजा करणाऱ्या, कोळ्यांच्या घरच्या, त्यांनी परवा जिन्यात माझा हात धरला. म्हणाल्या, “माधवी, तुझी आय रोज देवाला काय मागते, आयकतेस ना तू?” ऐकते. ती म्हणते, प्रभू, मला खरंच ऐकू येऊ दे, म्हणजे माझा पोरगा खोटा पडायचा नाही.

तुझ्या देवाला हे रोज ऐकू जातं, जाईबाईंना ऐकू जातं. तुलाच तेवढं ऐकू जात नाही. मग बहिरं कोण रे?

माधवी


ठाकुर्ली
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्रणित,

स्वतः यायची हिंमत झाली नाही, तर देवराम काकांना पाठवलंस. काल गांधी जयंतीची सुट्टी, आईला बघायला म्हणून आले होते. आई खिडकीपाशी मेथी निवडत होती, आमच्याकडे पाठ. काका खुर्चीच्या टोकावर बसून घसा खाकरत म्हणाले, “हे बघ माधवी, प्रणित म्हणतो, ताईचा विश्वास कमी पडतोय.”

मी चहा ठेवला.

“इतक्या लोकांचा विश्वास त्या साक्षीवर उभा आहे. आजारी माणसं येतात, धीर धरतात. एका मशीनपायी सगळं पाडायचं का? बारा तारखेला तू उभी राहू नकोस, एवढंच सांगायला आलो.”

“आईशी बोला ना,” मी म्हटलं. “बरी झालीय ती. हाक मारा.”

काकांनी हाक मारली, “रमाबाई.” आई मेथी निवडत राहिली. त्यांनी परत मारली, जरा मोठ्यानं. मग उभे राहून मारली. आई एक काडी मोडून टोपलीत टाकत होती. काका बसले. चहा अर्धा ठेवून निघाले, आणि दारात मला म्हणाले, “मला माहीत नव्हतं गं.” मी म्हटलं, आता माहीत झालं ना, मग याचीही नोटीस वाचा येत्या रविवारी. ते चपला घालून जिना उतरले. वाचणार नाहीत. तू लोकांना गप्प बसायला छान शिकवलंयस.

देवळात आई कसं निभावते, माहितीये? नसेलच, तू प्रवचनाला आलास की पुढे उभा असतोस. ती माझ्या डाव्या हाताला बसते आणि नजरेच्या कोपऱ्यातून मला बघत राहते. मी उभी राहिले की उभी राहते, बसले की बसते. गीताचा नंबर फळ्यावरून घेते. सगळी गीतं तिला तोंडपाठ, तेव्हा सुरुवात माझ्या ओठांकडे बघून पकडते आणि पुढे आपली आपण जाते. प्रवचन चालू असताना चेहऱ्यावर असा भक्तिभाव ठेवते, की मागच्या बाकावरच्या बाया तिचं उदाहरण देतात. एकदा तर तू दानाचं काहीतरी विनोदी सांगत होतास आणि ही डोळे पुसत होती.

तुझं आवडतं वाक्य आहे, की विश्वास कानातून आत येतो, आधी वचन ऐकायचं, मग विश्वास उपजतो. असेल. मग आईचा कुठून येतो ते मला सांग. दीड वर्षात एक वचन तिच्या कानात गेलं नाही. आणि तुझे दोन्ही कान चांगले शाबूत आहेत, त्यांतून आत काय गेलं? त्या मैदानातला ‘हो’ तेवढा गेला. कारण तो तुला हवा होता.

प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेच्या ओळीशी आले की मी हल्ली गप्प होते. आई पुढे म्हणत राहते, तिला कळत नाही मी थांबलेय. मी तेवढी ओळ सोडते आणि पुढच्या ओळीला तिला गाठते. मला वाईट वाटत नाही. तुला माफ करून मी देवापुढे खोटं बोलणार नाही, घरात एक खोटारडा पुरे.

मी येणार. आईला नवीन पातळ आणलंय, मोतिया रंगाचं. पुढच्याच बाकावर बसू.

माधवी


ठाकुर्ली
सोमवार, १३ ऑक्टोबर

प्रणित,

तू तिथे होतास, मग मी कशाला लिहू? पण तू वेदीपाशी उभा राहून माणसं बघत होतास. मी आईच्या शेजारी होते. माझ्या बाजूनं काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही.

बिशपसाहेबांनी विचारलं, “या बांधवाच्या दीक्षेस कोणाची हरकत असल्यास उभे राहून सांगावे.” तू माझ्याकडे बघितलंस. खरं सांगते, त्या नजरेत भीती दिसली आणि मला बरं वाटलं. मी उभी राहिले. ‘साहेब, माझी आहे’ एवढंच म्हणायचं होतं, दहा दिवस घोकत होते.

मी तोंड उघडायच्या आत आई उठली. मी उभी राहिले म्हणजे गीत, एवढाच तिचा हिशोब. फळ्यावर पुढच्या गीताचा नंबर लिहिलेलाच होता. तिनं पदर सावरला आणि त्या शांततेत एकटीनं गायला सुरुवात केली, मोठ्यानं, थोडं बेसूर.

देऊळ भरलेलं, आणि एक म्हातारी गातेय. कुणीतरी हसलं. मला वाटलं आता संपलं सगळं. पण तू! तू क्षणाचाही उशीर केला नाहीस. हात वर केलास, पेटीवाल्याला मान डोलावलीस, आणि म्हणालास, “आत्मा आईला गायला लावतोय! उठा, गा!” सगळं देऊळ उठलं. टाळ्या सुरू झाल्या. माझी हरकत त्या गाण्याखाली गाडली गेली, आणि आईचा चेहरा फुलला, कारण सगळे उभे होते, सगळ्यांचे ओठ हलत होते, म्हणजे तिचं बरोबर होतं. त्या क्षणी मला तुझा गळा धरावासा वाटला. देवळात, वेदीसमोर. लिहून ठेवते.

दोन कडवी झाल्यावर बिशपसाहेबांनी हात करून गीत थांबवलं. सगळे बसले. मीही बसले; एरवी ते बघून आई बसली असती. पण तिनं डोळे मिटले होते.

तिसरं कडवं तिनं एकटीनं म्हटलं. पेटी थांबलेली, टाळ्या थांबलेल्या. बिशपसाहेब म्हणाले, “आजी, बसा.” मग जवळ येऊन म्हणाले, “आजी.” चौथं कडवं सुरू झालं. मी तिचा पदर ओढू शकले असते. नाही ओढला. ते माझं काम नव्हतं. माझं काम तीच करत होती, तिला न कळता, आणि मी ते होऊ दिलं. सगळ्या देवळाला ऐकू आलं की तिला काही ऐकू येत नाही.

तिनं आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा सगळे बसलेले आणि तिच्याकडे बघणारे. तिचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघून म्हणाली, “चुकलं का गं?” तिला वाटलं हळू विचारलं.

बिशपसाहेब तुझ्याकडे वळले. “ह्या त्या साक्षीतल्याच बाई ना?”

मग तू खाली आलास. गुडघ्यांवर बसलास, तिचे हात धरलेस आणि म्हणालास, “आई, मी खोटं बोललो. तुला ऐकू येत नाही.” ओठ नीट हलवलेस, ते मान्य. पण बिशपसाहेब बघत नसते तर बोलला असतास का, हे मला कधीच कळणार नाही, आणि तुलाही नाही.

आईनं तुझे ओठ वाचले. मला वाटलं रडेल, किंवा तुझ्या मुस्काटात मारेल. तिनं तुझ्या केसांतून हात फिरवला आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मग आता मशीन घालू का रे?”

बायका रडायला लागल्या. तूही रडलास. मी पर्समधून रुमाल काढला, मशीन तिच्या कानात बसवलं. तुझी दीक्षा पुढे ढकलली आहे असं बिशपसाहेब म्हणाले, तेव्हा मी मान वर करून पाहिलंही नाही.

माधवी


ठाकुर्ली
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रणित,

आज देवराम काका देवळाबाहेर भेटले, खुशीत होते. म्हणाले, “बरं झालं गं, आईनं प्रणितला माफ केलं. परवा फोनवर बोलली त्याच्याशी. त्यानं बिशपसाहेबांना कळवलंय. आता दीक्षेचा परत विचार होईल.”

म्हणजे तू पुन्हा आईचा ‘हो’ खिशात घातलास. या वेळी डबी कुठली घेतलीस?

तर हे शेवटचं पत्र, आणि त्या फोनबद्दल. शुक्रवारी संध्याकाळी तू आईच्या नंबरवर केलास. मी उचलला, बोलले नाही. स्पीकर लावला आणि फोन तिच्या मशीनजवळ धरला. तू पुष्कळ बोललास. लहानपणीचं बोललास, बाबांचं बोललास, रडलास, क्षमा मागितलीस. चांगलं बोललास. आई डोळे बारीक करून मन लावून ऐकत होती. मधून मधून ‘हो, हो’ म्हणत होती. तू विचारलंस, “आई, माफ केलंस ना?” ती म्हणाली, “हो बाळा, हो.” ‘बाळा’ ती आता सगळ्यांनाच म्हणते, गॅसवाल्यालाही.

क्षिप्रा मॅडम म्हणाल्या होत्या तेच झालंय. आवाज येतो. कुकरची शिट्टी कळते, दारावरची बेल कळते, कावळा ओरडला की खिडकीकडे बघते आणि खूश होते. माणसाचं बोलणं नुसता गलका. समोर बसून बोललं तर ओठांवरून निभतं. फोनला ओठ नसतात. सराव केला तर थोडं परत येईल म्हणतात. आम्ही रोज सराव करतो, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून. मशीन मागच्या वर्षी खिशात गेलं नसतं, तर तिनं तुझा शब्दन् शब्द ऐकला असता. तुझी क्षमा मागून झाली, प्रणित. ती फक्त मी ऐकली, आणि माझ्याकडून तुला ती मिळायची नाही.

बिशपसाहेबांना या पत्राची प्रत पाठवते आहे.

फोन ठेवल्यावर आईनं मशीन जरा नीट बसवलं आणि मला विचारलं, “कोण होतं गं? बिचारं रडत होतं वाटतं.”

मी तिच्यासमोर बसले, दिव्याच्या उजेडात तोंड धरलं आणि ओठ सावकाश हलवत सांगितलं, “कुणी नाही आई. राँग नंबर.”

तिनं माझ्या ओठांकडे नीट बघितलं आणि मान डोलावली. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

माधवी